सातव्या प्रश्नापुढे ‘होय’

तो फॉर्म दरवर्षी दिवाळी सरली की यायचा. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या हॉटेलाकडून, ज्याचे मालक परदेशात बसतात. आमच्या कंपनीच्या गाड्या पेडणे तालुक्यातल्या हॉटेलांचा सुका कचरा उचलून डिचोलीजवळच्या औद्योगिक वसाहतीत आणतात. तिथे शेडमध्ये तो निवडला जातो, यंत्रात दाबून त्याचे गठ्ठे बांधतात आणि ते गठ्ठे पुढे कारखान्यांना जातात. एवढ्या सरळ धंद्याबद्दल त्या हॉटेलाला बावीस प्रश्न पडत. तीन वर्षं मी ते बावीसच्या बावीस दहा मिनिटांत निकालात काढले होते. पहिल्या सहांपुढे ‘होय’, उरलेल्यांपुढे ‘नाही’. पहिल्या वर्षी आमच्या मालकांनी तसं सांगितलं होतं, दुसऱ्या वर्षापासून सांगावंही लागलं नाही.

सातवा प्रश्न असा होता: तुम्ही किंवा तुमचे पुरवठादार कामगारांची मूळ ओळखपत्रं स्वतःकडे ठेवून घेता का?

खरेदी आणि कागदपत्रं हा माझा विभाग. विभाग म्हणजे मी, एक मेज आणि एक गंजकं कपाट. पुरवठादार म्हटलं की मला गोण्या देणारा आठवायचा, डिझेलवाला आठवायचा, गठ्ठे बांधायच्या पट्ट्या देणारा म्हापशाचा दुकानदार आठवायचा. माणसं पुरवणारा मुकादमही पुरवठादारच असतो, हे माझ्या टाळक्यात कधी शिरलं नाही. शिरलं नाही म्हणणंही तसं सोयीचंच आहे. शिरू दिलं नाही म्हणते.

मी भांडखोर आहे. आमच्या गावात, पार्शात, हे कोणालाही विचारा. पंचायतीच्या सभेत मी उठले की सचिव पाण्याची बाटली तोंडाला लावतो. बसमध्ये कंडक्टर सुट्टे नाहीत म्हणाला तर मी त्याला पुढच्या थांब्यावर उतरवून दुकानात सुट्टे आणायला लावलंय. असली बाई त्या फॉर्मपुढे तीन वर्षं शेळी होऊन बसली होती, याचा मला अजून संताप येतो.

शेडमध्ये सरकत्या पट्ट्याशी उभं राहून कचरा निवडणारी माणसं मुकादमाची होती. बरीचशी बेळगाव जिल्ह्यातली, थोडी कोल्हापूरकडची. ती वसाहतीमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायची, आठवड्याचा बाजार मुकादमाबरोबर करायची आणि गावाकडचे निरोप मुकादमाच्या फोनवर यायचे. त्यांना गावातून आणताना त्याने प्रत्येक घराला उचल दिलेली असायची. ती फिटेपर्यंत माणूस त्याचा, असा रिवाज. आम्ही कंपनीवाले त्यात पडत नव्हतो. मुकादमाला दर महिन्याला त्याचं बिल मिळायचं, आमचे हात स्वच्छ. कचऱ्याच्या धंद्यात हात स्वच्छ राहण्याचं आम्हांला भारी कौतुक.

शेडमधल्या बायकांपैकी एकीशी माझी ओळख झाली ती प्लास्टिकमुळे. बेळगावकडची, चाळिशीची, नवरा वारलेला. कुठलीही पिशवी कानाजवळ नेऊन ती चुरगाळायची आणि आवाजावरून ती कुठल्या ढिगात जाईल ते सांगायची. कारखान्याने एकदा आमचा आख्खा ट्रक परत पाठवला होता, गठ्ठ्यांत भेसळ आहे म्हणून. भेसळ कुठे होते ते मालकांना कळेना, मला कळेना. हिने दोन गठ्ठे फोडून अर्ध्या तासात दाखवून दिलं. तेव्हापासून मी जेवायच्या सुट्टीत कधीमधी शेडकडे जायचे. ती मला तिच्या भाकरीतला तुकडा आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची, मी आमच्या पाववाल्या पोदेराकडचे उंडे न्यायचे. उंड्याच्या कडक कवचाला ती हसायची. म्हणायची, ह्यो पाव हाय का नारळ.

तिला एकच मुलगी. गेल्या वर्षी लग्न झालेली आणि आता पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हा नेम तिच्याकडेही तसाच जसा आमच्याकडे. मुलगी माहेरी येऊन राहिली होती खरी, पण त्या घरात तिच्याशिवाय कोणी नव्हतं. शेजारीण रात्री सोबतीला झोपायची. आई इथे आमच्या पट्ट्याशी उभी होती आणि हॉटेलांतल्या लोकांनी फेकलेल्या बाटल्यांची टोपणं काढत होती.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी ती माझ्या मेजाशी आली. शेडमधली माणसं ऑफिसात येत नसत. येऊ नये असं कोणी लिहून लावलं नव्हतं, पण येत नसत. ती दारातच उभी राहिली आणि म्हणाली की लेकीचे दिवस भरत आलेत, पंधरा दिवस राहिले असतील, मुकादम म्हणतोय सीझन संपल्यावर जा. आमचा सीझन म्हणजे फेब्रुवारी-मार्च उजाडेपर्यंत. मी म्हटलं, मुकादम काय म्हणतो ते सोड, बसमध्ये बस आणि जा. तेव्हा तिने सांगितलं की तिचं आधार कार्ड मुकादमाकडे आहे. कार्डाशिवाय दवाखान्यात कोण विचारणार, रेशन कोण देणार, आणि परत आल्यावर इथे खोलीत कोण घेणार? कर्नाटकाच्या हद्दीत बायकांना बस फुकट असते, त्यालाही तेच कार्ड लागतं. बिनकागदाचं माणूस नाक्यावर धरतात, असंही मुकादमाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

मी मुकादमाला दोन शिव्या घातल्या आणि विचारलं की तू कार्ड त्याच्या हातात दिलंसच कशाला.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. “मी कुठं दिलं? तुम्हीच घेतलासा न्हवं, बाई? मग तुम्हीच द्या की.”

खरं होतं. दोन वर्षांपूर्वी भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची म्हणून सगळ्यांच्या कार्डांच्या झेरॉक्स लागल्या होत्या. मी शेडमध्ये जाऊन सगळ्यांची कार्डं गोळा केली. नाताळात कोणी दिलेल्या बिस्किटांच्या डब्यात भरली, एकही हरवू नये म्हणून. यादी केली, झेरॉक्स काढल्या, पुन्हा मोजली. आणि मग तो डबा झाकण लावून मुकादमाच्या हातात दिला. एकेकाला बोलावून देत कुठे बसायचं? मुकादम जबाबदार माणूस, तो वाटेल. त्याने वाटली नाहीत. त्याला ती मागायचीही गरज पडली नव्हती, मी घरपोच दिली होती. त्या दिवशी मी व्यवस्थितपणाबद्दल मालकांकडून शाबासकीही घेतली होती, हे लिहिताना आता कानशिलं तापतात.

ही सवय मला कुठून लागली तेही मी शोधून काढलं, कारण त्या रात्री झोप लागली नाही आणि दुसरं काही काम नव्हतं. आमची काजूची बाग होती. बोंडं गोळा करायच्या दिवसांत घाटावरून एक कुटुंब यायचं आणि बागेतल्या झोपडीवजा मांगरात राहायचं. आल्याबरोबर माझे वडील त्यांचं चांगलं गाठोडं, म्हणजे लुगडी, तांब्याचा हंडा, असलं सगळं आमच्या माळ्यावर चढवायचे. हंगाम संपला की उतरवून द्यायचे. आई म्हणायची, मांगरात चोरी होईल, बिचाऱ्यांचं सांभाळून ठेवलंय. त्या माळ्यावर शिडी लावून चढायची परवानगी त्या लोकांना नव्हती, आणि हंगामाच्या मध्यात ते कधी निघून गेले नाहीत. वडील चांगले होते. त्या लोकांना जेवायला घालायचे, आजारपणात डॉक्टरकडे न्यायचे. पण गाठोडं वर होतं. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवणं म्हणजे माया, हे मी त्या माळ्याखाली शिकले.

दुसऱ्या दिवशी मी मुकादमाला गाठलं. तो वाईट दिसणारा माणूस नाही. कोल्हापूरकडचा, पूर्वी स्वतः ट्रकवर हमाली केलेला, पाडव्याला मला गुळाची ढेप आणून देणारा. मी ती ढेप घेतली होती आणि त्या गुळाची खीरही खाल्ली होती. तो म्हणाला, “म्याडम, कार्ड हातात पडलं की दुसऱ्या दिवशी गडी मुरगावात, बंदरावर. मग तुमचा पट्टा कोण चालवणार? मी काय कार्डं खातोय व्हय? जपून ठिवलीत.”

जपून ठेवलीत. माझ्या आईचंच वाक्य, फक्त घाटावरच्या बोलीत.

मग मी मालकांकडे गेले. मालक डिचोलीचे, पिढ्यान्‌पिढ्या व्यापार केलेल्या घरातले, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि मला समजावलं. “बाय, तीं आमचीं माणसां न्हय. मुकादमाचीं.” मी म्हटलं, कचरा आपला, पट्टा आपला, शेड आपली, मग माणसंच तेवढी त्याची कशी? ते हसले. मग म्हणाले, सीझनच्या तोंडावर मुकादमाला दुखवू नको, मार्चमध्ये बघू.

आणि मी बाहेर आले, माझ्या मेजाशी बसले आणि काही केलं नाही. हे मला लिहायलाच हवं. एक दिवस नाही, नऊ दिवस. रोज सकाळी स्कूटरवर पार्शाहून निघताना मी ठरवायचे की आज काय तो सोक्षमोक्ष, आणि कोलवाळचा पूल ओलांडेपर्यंत माझं मलाच पटलेलं असायचं की मुकादम स्वतःच सोडेल तिला. माझी नोकरी जाईल अशी भीती होती का? होती. बावन्नाव्या वर्षी डिचोलीत मला दुसरं कोण ठेवणार होतं? पण त्याहून मोठी भीती ही होती की डबा उघडला की त्यात माझा हात सापडेल. ती पुन्हा माझ्या मेजाशी आली नाही. जेवायच्या सुट्टीत मीही शेडकडे गेले नाही.

दहाव्या दिवशी हॉटेलाचा मेल आला. फॉर्म चार दिवसांत हवा, आणि यंदा उत्तरांना पुरावे मागितले जाऊ शकतात, अशी खाली एक ओळ. मालकांनी तो माझ्याकडे पाठवला आणि वर लिहिलं, नेहमीप्रमाणे. मी तो छापून घेतला. सातवा प्रश्न पुन्हा वाचला. त्या एका ओळीत मुकादम होता, मालक होते आणि मी होते. मला एकदम इतका राग आला की हातातलं पेन मेजावर आपटलं आणि त्याची नळी फुटली. माझ्या अंगठ्यावर शाई चार दिवस राहिली.

मी मुकादमाला बोलावलं आणि सांगितलं की हॉटेलाला सगळ्यांची मूळ कार्डं तपासून हवीत, माणूस आणि कार्ड समोरासमोर. अर्धी थाप होती. पुरावे मागू शकतात म्हणजे मागितलेले नव्हते. पण कागदावर हॉटेलाचं चिन्ह होतं, आणि मुकादमाचा कागदावर माझ्याइतकाच विश्वास. तो म्हणाला, डबा आणून देतो, तुम्ही बघा आणि परत द्या. मी म्हटलं, डबा शेडमध्ये आण. बारा वाजता, पट्टा थांबल्यावर.

बारा वाजता मी यादी घेऊन शेडमध्ये गेले. सगळे हात धुऊन भाकऱ्या सोडत होते. गठ्ठ्यांवर एक फळी टाकली, त्यावर मुकादमाने डबा ठेवला. झाकणावरची नाताळची घंटा पार घासून गेली होती. मी झाकण काढलं आणि पहिलं कार्ड उचलून नाव वाचलं. ज्याचं होतं तो उठून आला. मी चेहरा बघितला, फोटो बघितला, आणि कार्ड त्याच्या हातात दिलं. तो ते घेऊन तिथेच उभा राहिला, बघून झालं की परत घेतील म्हणून. मी म्हटलं, जा, बस, जेव. आणि दुसरं नाव वाचलं.

तिसऱ्या नावाला मुकादमाच्या लक्षात आलं. तो पुढे झाला आणि डब्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, “म्याडम, हे तुमचं काम न्हवं.”

“माझेंच काम,” मी म्हटलं. “माझें काम माका शिकंव नाका. हात काढ.”

तो माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि त्याच्या मागे त्याचे दोन ड्रायव्हर उभे. मी यादीवरचं पुढचं नाव मोठ्याने वाचलं. त्या नावाची मुलगी जागची हलेना. मी पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती उठली, मुकादमाच्या अंगाला अंग लागेल इतक्या जवळून आली आणि हात पुढे केला. मुकादमाने डब्यावरचा हात काढला. तो काढेल असं मला वाटलं नव्हतं. पण सगळे बघत होते, आणि दिवसाढवळ्या एवढ्या माणसांसमोर त्यांचीच वस्तू धरून ठेवायला फार कोडगेपणा लागतो.

त्यानंतर भराभर संपलं. फक्त एका म्हाताऱ्याने घोटाळा केला. त्याने कार्ड घेतलं, कपाळाला लावलं, आणि चार पावलं चालून मुकादमापुढे धरलं. म्हणाला, “मुकादम, तुमच्याकडंच असू द्या. माझ्याकडून हरवंल.” माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचाही मला राग आला. मी त्याला सांगितलं की आजोबा, हरवलं तर नवीन काढून देते, पण हरवायचं तर तुमच्याच हातून हरवू दे. म्हातारा गोंधळून उभा राहिला. मुकादमाने काही हात पुढे केला नाही. शेवटी म्हाताऱ्याने ते कार्ड बंडीच्या आतल्या खिशात घातलं आणि खिसा वरून दोनदा चाचपला.

तिचं नाव यादीत शेवटून दुसरं होतं. तिने कार्ड घेतलं, पदराने पुसलं, पोलक्यात ठेवलं. मग सगळ्यांसमोर मला विचारलं, “जाऊ का, बाई?”

किती साधा प्रश्न. आणि मला तो थोबाडीत बसल्यासारखा लागला. दोन वर्षं ती मुकादमाला विचारत होती, आता मला विचारत होती. माणूस बदलला, विचारणं तेच. मी म्हटलं, “मला विचारू नकोस. कोणालाच विचारू नकोस. सांगून जा हवं तर.”

तिने पदर खोचला. मग मुकादमाकडे वळून म्हणाली, “मी चालले.” विचारलं नाही, सांगितलं. जेवणाचा डबा बांधला, शेजारणीला खोलीच्या किल्लीचं काहीतरी सांगितलं आणि फाटकातून बाहेर पडली. मी मागून धावत जाऊन माझा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला. साखळीहून चोर्ला घाटाच्या बसेस असतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

बातमी मालकांकडे माझ्याआधी पोचली. त्या दिवशी चहा आला नाही. त्यांनी मला उभंच ठेवलं आणि म्हणाले, तू माझा सीझन बुडवलास. मग थोड्या वेळाने, व्यापारी माणूस ते, त्यांना वाट सुचली. म्हणाले, मुकादमाने कार्डं ठेवणं चुकीचंच, हॉटेलाला ते आवडणार नाही, तर आता असं करू. कार्डं आपल्या कपाटात ठेवू. किल्ली तुझ्याकडे. तुझ्यावर तर सगळ्यांचा विश्वास आहे. हॉटेलाला लिहू की कंपनीने कामगारांच्या कागदपत्रांची जबाबदारी स्वतःकडे घेतली आहे. ऐकायलाही चांगलं वाटतं.

खरंच चांगलं वाटत होतं. त्यांचं वाईट मनात होतं असंही नाही. त्यांना वाटत होतं की चोराच्या हातातून सोडवून देवाच्या हाती देतो आहोत. आणि मला माझ्या घराचा माळा दिसला, शिडी आतून ओढून घेतलेला.

“ना,” मी म्हटलं. “माका किल्ली नाका.”

ते म्हणाले, मग सातव्या प्रश्नाला काय लिहिणार? कार्डं दिली ना आता? मग ‘नाही’च लिही, आज ते खोटंही नाही. मी म्हटलं, आजचं विचारलेलं नाही, वर्षाचं विचारलंय. त्यांनी हात जोडले. म्हणाले, बाय, हॉटेल गेलं तर तुझी ती माणसं जातील कुठे? हा एकच प्रश्न त्यांनी खरा विचारला होता, आणि त्याचं उत्तर मी फॉर्मवर लिहिलं.

सातव्या प्रश्नापुढे मी ‘होय’ लिहिलं. खाली तीन-चार ओळींची जागा होती तिथे लिहिलं की आमच्या मुकादमाने दोन वर्षं सगळ्यांची कार्डं ठेवून घेतली होती, त्याच्या हातात ती मी दिली होती, आज ती ज्याची त्याला मिळाली आहेत. तुम्ही आमचं काम काढून घेतलंत तर तुमचा फॉर्म स्वच्छ होईल आणि ही माणसं दुसऱ्या मुकादमाच्या डब्यात जातील. त्यापेक्षा या आणि त्यांना स्वतः विचारा, मुकादमाला आणि मला बाहेर उभं करून. खाली सही केली आणि मालकांना न दाखवता पाठवून दिलं. उंटावरून शेळ्या हाकणारे कुठले तरी साहेब हे वाचतील की नाही, मला माहीत नव्हतं.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. हॉटेलाने काम काढलं नाही, तपासायला दोन माणसं पाठवली, आणि शेडमधल्या लोकांनी त्यांना माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त सांगितलं. उचलीचंही सांगितलं. मुकादम अजून आहे, पण आता ज्याच्या त्याच्या कामाचा नि उचलीचा हिशेब भिंतीवर लागतो आणि गावी जाणारा सांगून जातो. तिघे खरंच मुरगावला गेले. त्यात काय बिघडलं? पट्टा चालूच आहे. मला मात्र आता फॉर्म भरायला देत नाहीत. फॉर्म गेला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून वजनकाट्याच्या पावत्या लिहायला बसवलंय, फाटकाशी, जिथून येणारा-जाणारा प्रत्येक जण दिसतो. मालकांना ती शिक्षा वाटते.

पण कार्डं वाटली त्या दिवसानंतरचा चौथा दिवस सांगायचा राहिला. अनोळखी नंबरवरून फोन आला. तिचा होता, लेकीच्या फोनवरून. मुलगा झाला होता. ती घरी पोचली तेव्हा तो चार दिवसांचा होता. कळा सुरू झाल्या तेव्हा शेजारणीने रिक्षा बोलावून नेलं होतं. मुकादमाच्या फोनवर निरोप आला होता की नाही, त्याचं तोच जाणे.

मी मनात हिशेब केला, करायचा नव्हता तरी झाला. नऊ दिवस मी मेजाशी बसून काढले होते. चार काढले असते तर ती वेळेवर पोचली असती.

मी विचारलं, लेक कशी आहे. ती म्हणाली, बरी आहे, पण माझ्याशी बोलत नाही. तू आली का न्हाईस, एवढं एकदा विचारलं आणि तोंड फिरवलं.

“मग तू काय सांगितलंस?”

“काय सांगू? सांगितलं, कामात होते.”

पोलक्यात कार्ड ठेवून, मुकादमाच्या तोंडावर ‘चालले’ सांगून आलेली ही बाई, लेकीपुढे स्वतःला गुन्हेगार करून बसली होती. तिला लाज वाटत होती. अडवणाऱ्यांना नाही वाटली, अडवलेल्या बाईला वाटली. मी म्हटलं, फोन लेकीला दे. ती नको नको म्हणाली. मी म्हटलं, दे.

लेकीने फोन घेतला. मी त्या मुलीला कधी पाहिलेलं नाही. मी तिला सांगितलं, “तुझी आई कामात नव्हती. तिला येऊ दिलं नाही. तिचं कार्ड ठेवून घेतलं होतं. ती माझ्याकडे मागायला आली होती आणि मी नऊ दिवस काही केलं नाही. तुला रागवायचं तर माझ्यावर रागव. माझा नंबर आहे आता तुझ्याकडे.”

मग तिने विचारलं, “कोंडलं होतं व्हय तिला?”

मी म्हटलं, “होय.”

दोन अक्षरांचा तो शब्द मी कागदावर लिहिला होता तेव्हा एवढा जड नव्हता. फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, बंद केलेला नव्हता. मूल किरकिरत होतं. मुलगी काहीतरी बोलत होती, रागातच, आईला, म्हणजे आता बोलत तरी होती. सांगायचं न्हाई व्हय गं आई, एवढं मला नीट ऐकू आलं, आणि मग दोघींचं रडणं. मी कानाला फोन लावून काट्याशी बसून राहिले. समोर ट्रक येऊन उभा होता, ड्रायव्हर पावती मागत होता, मी त्याला हातानेच थांब म्हटलं.

थोड्या वेळाने ती फोनवर आली. आवाज घोगरा झाला होता.

“ठेवते, बाई,” ती म्हणाली. “लेक बोलावतीया.”